मोठ्या माणसांचा पोरखेळ

अमेरिकेत चाळिशीतला माणूस बेसबॉलची कार्डं, म्हणजे खेळाडूंची चित्रं छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे, जमवतो म्हटलं की लोक हसायचे. गंमत म्हणजे ही कार्डं मुळात मुलांसाठी नव्हतीच. १८८०च्या दशकात तंबाखू कंपन्या ती सिगारेटच्या पाकिटात घालत. पाकीट मऊ असे. आत पुठ्ठ्याचा तुकडा असला की सिगारेटी मोडत नसत, शिवाय जाहिरातही होई. पुढे १९३३मध्ये गाउडी या कंपनीने आणि १९५०च्या दशकात टॉप्स या कंपनीने ती च्युइंगमबरोबर विकली, आणि कार्डं म्हणजे पोरांची चीज हे समीकरण पक्कं झालं.

त्या काळातही जेफरसन बर्डिक नावाचा एक अवलिया होता. सिरॅक्यूसमधला कारखान्यातला साधा कामगार, लग्न न केलेला, संधिवाताने बोटं आखडलेली. छापील कार्डांची पहिली पद्धतशीर सूची त्याने केली. बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं दुर्मीळ कार्ड ज्या संचातलं, त्याला ‘टी२०६’ हा क्रमांक त्याच सूचीने दिला. तीन लाखांहून अधिक वस्तूंचा संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला फुकट देऊन टाकला आणि तिथेच बसून वर्षानुवर्षं एकेक कार्ड आल्बममध्ये चिकटवलं. १९६३च्या सुरुवातीला काम संपलं. मार्चमध्ये तो गेला. यातून त्याने पैसा केला नाही.

या छंदाला मान मिळाला तो पैशामुळेच, हे कबूल करायला हवं. १९७९मध्ये संख्याशास्त्राचे प्राध्यापक जेम्स बेकेट यांचं किमतींचं पुस्तक आलं. आयांनी साफसफाईत फेकलेल्या कार्डांचे भाव छापून येऊ लागले, तशी चेष्टा थांबली आणि हळहळ सुरू झाली. खुद्द टॉप्सनेही १९५२ची न खपलेली कार्डं पुढे समुद्रात बुडवली होती! १९९१मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्स्की याने भागीदारीत वॅग्नरचं कार्ड ४,५१,००० डॉलरला घेतलं. त्याच सुमारास कंपन्यांनी हावरेपणाने इतकी कार्डं छापली की त्या काळातले गठ्ठे आजही कोणी विचारत नाही.

कोविडकाळात पुन्हा उधाण आलं. २०२२मध्ये बेसबॉलपटू मिकी मँटलचं १९५२चं एक कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. त्याआधी, मे २०२१मध्ये, ‘टार्गेट’ या दुकानांच्या साखळीने आपल्या दुकानांतली कार्डविक्री सुरक्षिततेच्या कारणावरून थांबवली होती, कारण विस्कॉन्सिनमधल्या एका दुकानाबाहेर मोठी माणसंच कार्डांवरून हातघाईवर आली होती. थट्टेची जागा आता तक्रारीने घेतली आहे: ही मंडळी पोरांसाठी काही शिल्लकच ठेवत नाहीत.