आत्मिक पारख (इग्नेशियन परंपरा)

आत्मिक पारख : मनात उठणाऱ्या ओढी, भीती, उमेद आणि शंका यांतल्या कोणत्या देवाकडे नेतात व कोणत्या त्याच्यापासून दूर नेतात, हे ओळखून निर्णय घेण्याची ख्रिस्ती साधना. तिचे मूळ बायबलमध्ये आणि वाळवंटात राहणाऱ्या प्राचीन साधूंच्या शिकवणीत आहे. पण तिला पद्धतशीर रूप दिले ते येशूसंघाचे (जेझुइट संघाचे) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी. द्विधा मनःस्थितीत अडकलेल्या माणसाला ‘विश्वास ठेव, शंका आपोआप जाईल’ एवढे सांगून ही परंपरा थांबत नाही. शंका कुठून आली, ती कोणत्या दिशेला ढकलते आणि ती येऊन गेल्यावर मनात काय उरते, हे ती तपासायला लावते.

नव्या करारात संशयाविषयी दोन वेगळे सूर ऐकू येतात. याकोबाच्या पत्रात (१:५–८) संशय धरणाऱ्याला वाऱ्याने हेलकावणाऱ्या समुद्राच्या लाटेची उपमा दिली आहे आणि द्विबुद्धीच्या माणसाची कडक कानउघाडणी आहे. मार्कच्या शुभवर्तमानात (९:२४) मात्र आजारी मुलाचा बाप येशूपुढे आपला विश्वास आणि अविश्वास एकाच दमात कबूल करतो, आणि येशू त्याच्या मुलाला बरे करतो. संशयी माणसाला आधी दूर लोटलेले नाही, हे इथे महत्त्वाचे. योहानाचे पहिले पत्र (४:१) प्रत्येक आत्म्यावर विश्वास न ठेवता त्यांची परीक्षा करायला सांगते. पाचव्या शतकात जॉन कॅसियन यांनी ईजिप्तच्या वाळवंटातील साधूंच्या संवादांतून हाच धागा पुढे नेला. उपास, जागरण, दानधर्म यांहूनही विवेक, म्हणजे हीच पारख, आधी हवा, अशी शिकवण त्यांनी साधू अँटनी यांच्या तोंडी दिली आहे.

इग्नेशियस हे स्पेनच्या बास्क प्रदेशातील लोयोला येथील सरदार घराण्यातले. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर फ्रेंच तोफेच्या गोळ्याने त्यांचा उजवा पाय मोडला. हाड नीट बसले नाही म्हणून ते पुन्हा मोडून बसवले गेले; पुढे आलेला तुकडा दिसायला वाईट दिसतो म्हणून तो त्यांनी हट्टाने कापून घेतला. अंथरुणावर पडल्या पडल्या वाचायला त्यांना शौर्यकथा हव्या होत्या. घरात मिळाली ती फक्त ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. मग दिवसभर दोन प्रकारची स्वप्ने आलटून पालटून चालत : एका थोर घराण्यातील स्त्रीसाठी गाजवायचे पराक्रम, आणि संत फ्रान्सिस किंवा संत डॉमिनिक यांच्यासारखे आयुष्य. दोन्ही स्वप्ने चालू असताना गोडच वाटत. फरक पडे तो नंतर. पहिल्यानंतर मन कोरडे आणि अतृप्त राही, दुसऱ्यानंतर आनंद टिकून असे. ‘नंतर काय उरते?’ हा प्रश्न इथे जन्मला आणि पुढची सगळी पद्धत त्यावर उभी राहिली.

ही जाण लगेच पिकली नव्हती. बरे झाल्यावर मोंसेरात या तीर्थस्थानाच्या वाटेवर त्यांना एक मूर (मुसलमान) प्रवासी भेटला. मरियेच्या कौमार्यावरून वाद झाला आणि तो माणूस पुढे निघून गेला. त्याला गाठून खंजीर खुपसावा की जाऊ द्यावे, हे इग्नेशियस यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी खेचराचा लगाम सैल सोडला : ते गावाच्या वाटेने वळले तर मारायचे, राजरस्त्याने गेले तर सोडायचे. खेचर राजरस्त्याने गेले. आपले मन तेव्हा किती अडाणी होते हे दाखवण्यासाठी त्यांनी हा प्रसंग उतारवयात, १५५३ ते १५५५ या काळात सांगितलेल्या आत्मकथनात नोंदवला आहे.

मोंसेरातजवळच्या मानरेसा गावी १५२२ मध्ये त्यांना शंकेने वेगळ्याच रूपात गाठले. सगळी पापे पापनिवेदनात (धर्मगुरूपुढे दिलेल्या कबुलीत) सांगून झाली तरी काहीतरी राहिले असे वाटे, आणि ते पुन्हा पुन्हा पापनिवेदन करत. समाधान मिळत नव्हते. जीव देण्याचे विचारही मनात आले. देव उत्तर देईपर्यंत अन्न घ्यायचे नाही असे ठरवून त्यांनी आठवडाभर उपास केला. धर्मगुरूंनी आज्ञा केल्यावर तो सोडला. अखेर त्यांना दिसले की ही टोचणी पश्चात्तापासारखी भासली तरी तिच्यामागून येतो तो निव्वळ वैताग आणि हे सारे जीवन सोडून देण्याची इच्छा. जुनी पापे पुन्हा सांगायची नाहीत, असे त्यांनी ठरवले आणि ते मोकळे झाले. धार्मिक वेशात आलेली शंकासुद्धा खोटी असू शकते, हा या परंपरेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा शोध. श्रद्धाळू माणसे बहुधा इथेच फसतात. टोचते आहे म्हणजे देवच बोलतो आहे, असे त्यांना वाटते.

मानरेसातील टिपणांतून ‘आध्यात्मिक साधना’ हा छोटा ग्रंथ घडत गेला. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये त्याला मान्यता दिली. तो वाचून संपवण्याचा ग्रंथ नाही; मार्गदर्शकाच्या सोबतीने, साधारण तीस दिवस मौनात करायच्या साधनेची ती पुस्तिका आहे. तिच्यातील पारखीचे नियम दोन अवस्थांभोवती फिरतात. ‘सांत्वन’ म्हणजे श्रद्धा, आशा व प्रीती वाढवणारी आतली हालचाल. तिच्यात आपल्या पापांबद्दलचे अश्रूही येतात, म्हणून तिला नुसता आनंद समजणे चूक. ‘विषाद’ म्हणजे अंधार, अस्वस्थता, आळस, देव दूर गेल्याची भावना. त्यांतला पाचवा नियम या साधनेत सर्वाधिक उद्धृत होतो : विषादात असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही. आदल्या दिवशी शांत मनाने जे ठरले होते, त्यावर ठाम राहायचे. त्याला जोडूनच सहावा नियम आहे. निर्णय बदलायचा नाही, पण स्वतःला बदलायचे : प्रार्थना थोडी वाढवायची, आत्मपरीक्षण करायचे, विषादाच्या उलट दिशेने चालायचे.

पहिले दोन नियम अधिक सूक्ष्म आहेत. माणूस वाईटाकडे घसरत असेल तर देवाचा आत्मा त्याला बोचतो आणि शत्रू, म्हणजे सैतान, त्याला गोंजारतो. माणूस चांगल्याकडे चढत असेल तर नेमके उलटे होते, शत्रू अडथळे दाखवून घाबरवतो आणि देव धीर देतो. त्यामुळे अस्वस्थता ही एकटी काहीच सिद्ध करत नाही. आपण कोणत्या दिशेने चाललो आहोत हे आधी पाहावे लागते. तेरावा नियम म्हणतो की शत्रूला गुप्तता हवी असते. मनातली घालमेल जाणत्या माणसाला सांगितली की तिचा जोर ओसरतो.

अनिर्णयावर या ग्रंथातले सर्वांत धारदार पान म्हणजे तीन माणसांचे मनन. तिघांनीही दहा हजार डकॅट (सोन्याची नाणी) मिळवले आहेत, पण केवळ देवाच्या प्रेमापोटी नव्हे, आणि तिघांच्याही मनावर त्याचे ओझे आहे. पहिल्याला ती आसक्ती सोडायची आहे, पण मरेपर्यंत तो त्यासाठी काहीच करत नाही. दुसऱ्याला आसक्ती सोडायची आहे आणि पैसाही ठेवायचा आहे. म्हणजे देवाने आपल्या मर्जीकडे यावे असे त्याला वाटते. तिसरा पैसा ठेवायचाच किंवा टाकायचाच, असे आधी काहीच ठरवत नाही. देवाच्या सेवेसाठी जे अधिक चांगले तेच त्याला हवे. निर्णय न होण्याचे खरे कारण बऱ्याचदा माहितीचा अभाव हे नसते. उत्तर आतून ठाऊक असते आणि तेच नको असते. या तीन माणसांचे चित्र त्याच जागी बोट ठेवते. म्हणून निवड करण्याआधी अनासक्तीची मागणी आहे : आरोग्य की आजार, श्रीमंती की गरिबी, मान की अपमान, यांतले काहीही आधीच पक्के करून बसायचे नाही.

निवडीच्या तीन वेळा ग्रंथात सांगितल्या आहेत. कधी देवाचे बोलावणे इतके स्पष्ट असते की शंकेला जागाच राहत नाही; येशूचे प्रेषित पौल आणि मत्तय ही त्याची उदाहरणे. कधी सांत्वन आणि विषाद यांच्या अनुभवातून हळूहळू उलगडा होतो. आणि कधी मन शांत असते, कुठलीच हालचाल नसते. तेव्हा बुद्धी वापरायची. दोन्ही पर्यायांचे फायदे-तोटे वेगवेगळे तपासायचे. किंवा पूर्वी कधीही न पाहिलेला माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला काय सांगू, मरणाच्या क्षणी काय निवडलेले असावेसे वाटेल, न्यायाच्या दिवशी काय, असे विचारायचे. निर्णय झाला की तो प्रार्थनेत देवापुढे ठेवून त्याची पुष्टी मागायची. या सगळ्याला एक कुंपण आहे : निवड चांगल्या किंवा निदान वाईट नसलेल्या गोष्टींतलीच असते. फसवावे की नाही, हा पारखीचा विषयच नाही. विवाहासारखी एकदा घेतलेली कायमची बांधिलकीही पुन्हा निवडीला ठेवता येत नाही.

हीच पद्धत गटाने वापरल्याचे उदाहरण १५३९ मध्ये रोम येथे घडले. पोप आपल्याला वेगवेगळ्या देशांत पाठवणार हे दिसत असताना, एकत्र संघ म्हणून राहावे का आणि आपल्यातल्याच एकाच्या आज्ञेत राहण्याचे व्रत घ्यावे का, हे इग्नेशियस व त्यांच्या सोबत्यांना ठरवायचे होते. पहिल्याचे उत्तर लवकर मिळाले. दुसऱ्यावर अनेक दिवस काहीच सुटेना. मग त्यांनी शिस्त घालून घेतली : प्रत्येकाने एकट्याने प्रार्थना करायची, दुसऱ्याचे मन वळवायचे नाही, आपण या गटाबाहेरचे आहोत असे समजून विचार करायचा. एके दिवशी सर्वांनी आज्ञापालनाच्या विरोधातली कारणे मांडायची, दुसऱ्या दिवशी सर्वांनी बाजूची. त्यामुळे कोणाला आपल्या मताची वकिली करायला वावच राहिला नाही. जून महिन्यात एकमत झाले, आणि २७ सप्टेंबर १५४० रोजी येशूसंघाला पोपची मान्यता मिळाली.

अधिक पुष्टीची भूक हाच नवा अनिर्णय होऊ शकतो, हेही इग्नेशियस यांना स्वतःवरूनच कळले. संघाच्या चर्चना ठरावीक उत्पन्न असावे का, या प्रश्नावर १५४४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांनी चाळीस दिवस प्रार्थना केली. त्या दिवसांची रोजनिशी उपलब्ध आहे. उत्पन्न नको हे उत्तर लवकरच स्पष्ट झाले होते. तरी आणखी एक मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना), आणखी थोडे सांत्वन, असे चालले होते. १२ मार्चला त्यांना उमगले की समारोप मोठ्या सांत्वनातच व्हावा हा आपला हट्ट आहे, देवाचा नाही. आणि प्रश्न तिथेच मिटवला.

कोकणात देवाला कौल लावण्याची रीत सर्वांना माहीत आहे. आंधळेपणाने बायबल उघडून पहिले दिसेल ते वचन उत्तर म्हणून घेणारे ख्रिस्ती लोकही आहेत. आत्मिक पारखीत असे चिन्ह मागितले जात नाही. तिथे अनुभव, बुद्धी आणि वेळ यांची गरज असते. मानरेसातल्यासारखी सततची टोचणी आज मानसिक आजाराचे लक्षणही असू शकते. अशा वेळी उपचारांची जोड लागते, नियम एकटे पुरत नाहीत.

भारतात ही साधना आली ती ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरलेले इग्नेशियस यांचे सोबती फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबर. पुढे येशूसंघाच्या शाळा-महाविद्यालयांइतकीच रिट्रीटची (एकांतात राहून करायच्या प्रार्थना-शिबिराची) परंपराही इथे रुजली. मुंबईत जन्मलेले जेझुइट धर्मगुरू अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) यांनी १९७० च्या दशकात पुण्यात ‘साधना’ संस्था सुरू केली, ती पुढे लोणावळ्याला गेली. श्वासावर व शरीराच्या जाणिवांवर लक्ष ठेवण्याच्या भारतीय पद्धती त्यांनी इग्नेशियन प्रार्थनेला जोडल्या. त्यांच्या काही मतांवर १९९८ मध्ये व्हॅटिकनने आक्षेप नोंदवला. प्रार्थनेची त्यांची रीत तरीही रिट्रीटमध्ये चालू राहिली. पोप फ्रान्सिस (पोपपदी २०१३–२०२५) हे स्वतः जेझुइट होते; त्यांनी ऑगस्ट २०२२ ते जानेवारी २०२३ या काळात आपली बुधवारची प्रवचनमाला आत्मिक पारखीवर दिली. महिनाभर मौनात जाता येत नाही अशा नोकरदार, संसारी माणसांसाठी मूळ ग्रंथाच्या एकोणिसाव्या सूचनेतच सोय आहे : रोज दीड तास काढून, घरी राहून, काही महिने. त्यातही मार्गदर्शक हवाच. पंधराव्या सूचनेप्रमाणे त्याने कोणत्याही एका पर्यायाकडे साधकाला झुकवायचे नाही. निर्माता आणि साधक यांना एकमेकांशी थेट व्यवहार करू द्यायचा.