एसपीएफ आणि डीकेआयएम : एक पाकीट तपासते, दुसरे पत्र

आपल्या व्यवसायाच्या डोमेनचे नाव वापरून कोणी बनावट मेल पाठवू नयेत म्हणून डीएनएसमध्ये (डोमेनची माहिती ठेवणाऱ्या इंटरनेटवरच्या सार्वजनिक नोंदवहीत) एसपीएफ आणि डीकेआयएम या दोन तपासण्यांच्या नोंदी कराव्या लागतात, हे आता बहुतेकांना ठाऊक असते. मात्र दोन्हींचे काम एकच आहे असे समजून अनेक जण पहिली नोंद झाली की थांबतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मुळात प्रत्येक मेलला दोन प्रेषक असतात. पहिला पत्ता पाकिटावरचा. तो पाठवणारा सर्व्हर स्वीकारणाऱ्या सर्व्हरला सांगतो आणि वाचणाऱ्याला तो सहसा दिसत नाही. दुसरा पत्ता आतल्या पत्रावरचा, म्हणजे मेल उघडल्यावर ‘फ्रॉम’ म्हणून दिसणारा. हे दोन्ही जुळलेच पाहिजेत अशी अट मेल कसे पाठवायचे हे ठरवणाऱ्या 1982 सालच्या एसएमटीपी प्रमाणकात नव्हती आणि आजही नाही.

एसपीएफ पाहते ते पाकीट. आमच्या नावाने कोणत्या आयपी पत्त्यांवरून मेल निघू शकतात याची यादी डोमेनचा मालक जाहीर करतो आणि स्वीकारणारा सर्व्हर समोरचा आयपी त्या यादीशी ताडून पाहतो. ही व्यवस्था सोपी आहे, पण नाजूकही. आपण सीएंना पाठवलेला मेल त्यांच्या जुन्या पत्त्यावरून आपोआप जीमेलकडे फॉरवर्ड होत असेल, तर जीमेलला दिसणारा आयपी मधल्या सर्व्हरचा असतो, आणि खरा मेलही तपासणीत नापास होऊ शकतो. शिवाय ही यादी तपासताना डीएनएसला जास्तीत जास्त 10 वेळाच विचारता येते. गूगल वर्कस्पेस, न्यूजलेटरची सेवा, बिले पाठवणारे सॉफ्टवेअर अशी एकेक भर घालताना ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. नवी सेवा घेतल्यावर जुन्या नोंदीतच भर घालण्याऐवजी दुसरी एसपीएफ नोंद तयार करणे ही तर नेहमीचीच चूक, कारण एका डोमेनला दोन नोंदी आढळल्या की तपासणी त्रुटी दाखवून थांबते.

डीकेआयएमचा संबंध पत्राशी आहे. पाठवणारा सर्व्हर मजकूर आणि निवडक हेडरांवर (‘फ्रॉम’, विषय यांसारख्या वरच्या ओळींवर) खासगी किल्लीने डिजिटल स्वाक्षरी करतो. ती पडताळण्याची सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये असते. स्वाक्षरी मेलबरोबरच प्रवास करते, त्यामुळे फॉरवर्ड होऊनही ती टिकते. मात्र वाटेत एखाद्या सर्व्हरने मजकुराखाली गोपनीयतेची सूचना चिकटवली, तर ती बहुधा मोडते. दोन्हींपैकी आधी एकच करणे शक्य असेल, तर मी डीकेआयएम निवडेन.

तरीही खरी अडचण पुढेच आहे. भामटा स्वतःचे डोमेन घेऊन त्याचे एसपीएफ आणि डीकेआयएम चोख ठेवू शकतो आणि ‘फ्रॉम’मध्ये मात्र आपला पत्ता लिहू शकतो, दोन्ही तपासण्या उत्तीर्ण होतात, कारण त्या त्याच्याच डोमेनच्या झालेल्या असतात. उत्तीर्ण झालेले डोमेन आणि वाचणाऱ्याला दिसणारे डोमेन जुळते का, हे डीमार्क ही डीएनएसमधलीच तिसरी नोंद विचारते, आणि दोन्हींपैकी एक जुळले तरी तेवढे पुरते. डीमार्कचे धोरण ‘नन’ (नापास मेलवर काहीच कारवाई नको) ठेवून आधी अहवाल पाहणे योग्यच. पण कित्येक डोमेन वर्षानुवर्षे तिथेच राहतात, आणि ‘नन’ने बनावट मेल अडवला जात नाही. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5000 किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी 2024 पासून तिन्ही गोष्टी बंधनकारक केल्या, तिथेही ‘नन’ चालते.

इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारीशेजारी ठेवून घेतलेले हुबेहूब दिसणारे डोमेन यांपैकी कशानेच अडत नाही, कारण तांत्रिकदृष्ट्या ते डोमेन खरेच असते.

एका ठिकाणी मात्र एसपीएफ डीकेआयएमपेक्षा उपयोगी ठरते. नुसतेच राखून ठेवलेल्या, कधीही मेल न पाठवणाऱ्या डोमेनवर स्वाक्षरी करायला काहीच नसते; तिथे ‘कोणत्याही सर्व्हरला परवानगी नाही’ अशी रिकाम्या यादीची एसपीएफ नोंद आणि डीमार्कचे ‘रिजेक्ट’ (नापास मेल नाकारा) धोरण पहिल्याच दिवशी लावता येते.