घरच्या गाईची पार्श्वभूमी: वासरू, कुरण आणि वळू

घरापुरत्या दुधासाठी एखादी गाय पाळणे ही वरवर पाहता त्या कुटुंबाची खासगी बाब वाटते. प्रत्यक्षात एकट्या घराने केवळ स्वतःच्या बळावर गाय सांभाळल्याची उदाहरणे इतिहासात फार थोडी आहेत. दूध हवे तर गाय व्यायला हवी, ती व्यायला वळू हवा आणि वर्षभर चरायला जमीन हवी. यांपैकी वळू आणि जमीन बहुतेक घरांकडे नसे. ती गरज गावाकडून भागवली जाई. ही सामायिक सोय जिथे टिकली तिथे घरची गाय टिकली, आणि जिथे मोडली तिथे दूध आवडत असूनही गोठे ओस पडले.

रानटी गुरे माणसाळवण्याचे काम निदान दोन वेगळ्या प्रदेशांत झाले. सुमारे १०,५०० वर्षांपूर्वी युफ्रेटिस आणि टायग्रिस नद्यांच्या वरच्या खोऱ्यांत बिनवशिंडाची गुरे माणसाच्या हाती आली आणि त्यानंतर दोन-अडीच हजार वर्षांनी सिंधूच्या पश्चिमेकडील मेहरगढ परिसरात वशिंडाची. ती सुरुवातीपासून दुधासाठीच पाळली जात होती असे मात्र म्हणता येत नाही. मातीच्या भांड्यांत मुरलेल्या स्निग्धांशाच्या तपासणीवरून वायव्य अनातोलियात (आजच्या तुर्कस्तानात) इसवी सनपूर्व सातव्या सहस्रकात दूध वापरले जात होते, हे २००८ मध्ये पुढे आले. पोलंडमध्ये सापडलेल्या सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या सच्छिद्र खापरांवर दुधाचा अंश मिळाला, म्हणजे ती चीज गाळण्याची भांडी होती. विशेष म्हणजे प्रौढपणी कच्चे दूध पचवण्याचा गुण युरोपातील त्या काळच्या अवशेषांत जवळपास आढळत नाही. तो कांस्ययुगापासून पुढे पसरत गेला. तेव्हा दूध आंबवून, घुसळून किंवा त्याचे चीज करून खाण्याची रीत आधीची आणि पेलाभर दूध पिण्याची सवय नंतरची, असाच क्रम मानावा लागतो.

धार काढण्याची सगळी कला पान्ह्याभोवती फिरते. कासेत दूध साठलेले असले तरी गाय पान्हावल्याशिवाय त्यातला मोठा भाग सडांत उतरत नाही. वासराने ढुसण्या दिल्या, किंवा कास कोमट पाण्याने धुऊन चोळली, की मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात येते आणि दूध सुटते. त्याचा प्रभाव काही मिनिटेच राहतो. म्हणून अंगठा आणि तर्जनीने सडाचा वरचा भाग आवळून मग बाकीची बोटे एकामागून एक मिटत खाली आणण्याचे काम न थांबता उरकावे लागते. शेवटच्या धारांत स्निग्धांश सर्वाधिक असल्याने कास अर्धवट सोडणे दुहेरी नुकसानीचे ठरते. गाय बिथरली तर ॲड्रेनलिन या भीतीच्या वेळी स्रवणाऱ्या संप्रेरकामुळे पान्हा अडतो. अनोळखी माणूस धारेला बसला की गाय दूध चोरते, हा गोठ्यातला जुना अनुभव. त्यामागची ही यंत्रणा प्रयोगांनी स्पष्ट झाली ती १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला.

यंत्रणा ठाऊक नसतानाही उपाय मात्र हजारो वर्षांपासून माहीत होता. कैरोच्या संग्रहालयात कावित या इजिप्शियन राणीची सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची दगडी शवपेटी आहे. तिच्यावरील कोरीव चित्रात एक माणूस धार काढतो आहे, वासरू गाईच्या पुढच्या पायाला बांधलेले आहे आणि गाईच्या डोळ्यातून एक थेंब ओघळतो आहे. कारागिराला त्या थेंबातून काय सुचवायचे होते याचा निर्णय ज्याने त्याने करावा, पण वासरू नजरेसमोर ठेवून, त्याला ओठ लावू न देता दूध काढण्याची रीत त्याने नेमकी टिपली आहे. वासरू दगावले तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवण्याचा प्रकार एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक प्रदेशांत आढळतो. आजच्या व्यापारी गोठ्यांतल्या गाई वासराविना पान्हावतात, हे पिढ्यानपिढ्या केलेल्या निवडीचे आणि सरावाचे फळ आहे.

चाऱ्याची कथा अधिक कडू आहे. इंग्लंडमध्ये भूमिहीन मजूरही गावच्या सामायिक कुरणावर आपली गाय सोडू शकत असे. १६०४ ते १९१४ या काळात तिथल्या संसदेने कुरणे आणि मोकळ्या जमिनी कुंपणात घालणारे ५,२०० हून अधिक कायदे केले आणि इंग्लंडच्या एक पंचमांशापेक्षा थोडी जास्त, सुमारे ६८ लाख एकर जमीन खासगी मालकीत गेली. मालकाला जमीन मिळाली. ज्याच्या हाती कागदोपत्री हक्क नव्हता, त्या मजुराची गाय गेली, आणि तिच्याबरोबर मजुरीवर पूर्णपणे विसंबून न राहण्याची मुभाही गेली. शेतीविषयक लेखक आर्थर यंग आधी कुंपणांचा कट्टर पुरस्कर्ता होता, पण १८०१ मध्ये गरिबांना गाईपुरती जमीन द्यावी अशी मागणी करण्यापर्यंत तो आला. शहरांतही हेच घडले, फक्त कारण वेगळे होते. बोस्टनचे सार्वजनिक मैदान १६३४ पासून गाईंना खुले होते. वस्ती वाढली, तसे १८३० मध्ये तिथले चरणे बंद झाले. सोव्हिएत संघात सामुदायिक शेतीच्या धडाक्यानंतर १९३५ च्या नमुना नियमावलीने शेतकरी कुटुंबाला स्वतःची एक गाय ठेवण्याची परवानगी दिली. सत्तेने एवढी माघार घ्यावी, यावरून त्या एका गाईचे वजन कळते.

वळूचा प्रश्न कमी बोलला जातो, पण एकच गाय असलेल्या घराला तोच सर्वांत अवघड जात असे. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि माज जेमतेम दिवसभर टिकतो. कळपात दुसऱ्या गाई तिच्यावर चढू लागल्या की माज लगेच लक्षात येतो; एकट्या गाईच्या बाबतीत हंबरणे, अस्वस्थपणा, घटलेले दूध आणि बाहेर येणारा पारदर्शक सोट (चिकट स्राव) यांवरून तो ओळखावा लागतो. तो हुकला तर तीन आठवडे वाया जातात. गावचा वळू हा त्यावरचा जुना तोडगा होता, मात्र त्याच्यामार्फत जननेंद्रियांचे रोगही एका गोठ्यातून दुसऱ्यात जात. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या साम्सो बेटावर कृत्रिम रेतनाची सहकारी संस्था सुरू झाली. १९४९ मध्ये ग्लिसरॉलच्या साहाय्याने वीर्य गोठवून टिकवण्याची युक्ती इंग्लंडमध्ये सापडली, आणि वळू न पाळताही दूरच्या उत्तम वळूची कालवड मिळू लागली. माझ्या मते घरच्या गाईला दुधाच्या कोणत्याही यंत्रापेक्षा या शोधाचा उपयोग अधिक झाला.

एकोणिसाव्या शतकातील शहरांनी गाय घरापासून तोडली, तशी दुधाची शंकाही निर्माण केली. न्यूयॉर्कमध्ये दारूभट्ट्यांच्या गरम चोथ्यावर कोंडून ठेवलेल्या आजारी गाईंचे दूध विकले जात असल्याचे प्रकरण १८५८ मध्ये गाजले. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू ओळखला, पण गाईचा क्षय माणसाला क्वचितच बाधतो, असे त्यानेच १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत सांगितले. त्यावर नेमलेल्या ब्रिटिश आयोगाने पुढच्या दहा वर्षांच्या तपासात हे मत खोडून काढले. शिकागोने १९०८ मध्ये दुधाच्या पाश्चरीकरणाची, म्हणजे ते तापवून जंतू मारण्याची, सक्ती सुरू केली. घरच्या गाईचे दूध आपल्या डोळ्यांदेखत काढलेले, म्हणून निर्धोक, हा समज या इतिहासाशी जुळत नाही. अनेक गोठ्यांच्या मिश्र दुधातून रोग दूरवर पसरतो हे खरे, परंतु घरच्याच गाईला क्षय किंवा ब्रुसेलोसिस (गाईचा गर्भपात घडवणारा आणि माणसालाही होणारा जंतुजन्य रोग) असेल तर कच्चे दूध पिणाऱ्या कुटुंबाच्या पोटात तो जंतू रोज जातो. या दोन्ही रोगांची तपासणी करून घेणे आणि दूध ६३ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवणे, हे उपाय त्याच काळाची देणगी आहेत.

यंत्रांनी आधी छोट्या गोठ्याला हात दिला. गुस्ताफ दे लावालने १८७८ मध्ये साय वेगळी करणारे फिरते यंत्र बनवले आणि त्याच्या हाताने फिरवायच्या आवृत्तीमुळे उथळ भांड्यांत दिवसभर साय धरू देण्याची गरज संपली. पुढे दूधकाढणी यंत्रे, शीतटाक्या आणि टँकर आले, तेव्हा हिशेब मोठ्या कळपाच्या बाजूने झुकला. गाईही त्याच हिशेबाने बदलल्या. दिवसाला तीस लिटर देणारी होल्स्टीन जातीची गाय कुटुंबाला झेपत नाही. तिला लागणारा खुराक आणि तिचे उरलेले दूध ही दोन्ही ओझीच होतात. म्हणून घरासाठी अनेक देशांत जर्सीकडे लोक वळतात. ती लहान चणीची असून तिच्या दुधात पाच टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो.

अलीकडे एक गाय पाळणारी बरीच घरे वासराशी वाटणी करतात. रात्री वासरू वेगळे बांधायचे, सकाळी एकदाच धार काढायची आणि दिवसभर त्याला आईजवळ मोकळे सोडायचे. दूध कमी मिळते, पण कास तुंबत नाही आणि एखाद्या दिवशी धारेला माणूस नसला तर वासरू ते काम करते. पुढच्या वेताआधी सुमारे दोन महिने गाय आटवावी लागते, तेवढे दिवस दूध बाहेरून आणावे लागते. जन्मणाऱ्यांपैकी साधारण निम्मी वासरे नर असतात, आणि त्यांचे काय करायचे, हे गाय आणण्यापूर्वीच ठरवलेले बरे.