बाक हा

उत्तर व्हिएतनामच्या लाओ काय प्रांतातले, चीनच्या सरहद्दीजवळचे डोंगरी बाजारगाव. रविवारच्या आठवडी बाजारासाठी प्रसिद्ध. एरवी सुस्त असलेल्या या गावात रविवारी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून ह्मोंग, ताय, नुंग, दाओ अशा समाजांची माणसे उतरतात. नजर ठरते ती ‘ह्मोंग होआ’ (‘फुलांचे ह्मोंग’ ही ह्मोंगांची शाखा) बायकांवर: चुणीदार घागरा, भरतकामाने भरलेला गळा, डोक्याला चौकड्यांचा रुमाल.

बाजार नीट पाहायचा तर मुक्काम गावातच करावा आणि सकाळी आधी गुरांकडे जावे. पर्यटकांच्या गाड्या येईपर्यंत म्हशींचे बरेच सौदे उरकलेले असतात. म्हशी आणि घोड्यांखेरीज डुकराची पिले, कोंबड्या, पिंजऱ्यातले गाणारे पक्षीही विक्रीला असतात.

खाण्याच्या बाजूला मोठ्या कढयांत ‘थांग को’ रटरटत असते. घोड्याचे मांस, हाडे आणि आतडी-काळीज सगळे एकत्र शिजवून केलेला हा रस्सा. त्यात चक्रीफूल आणि आपल्या मसाला वेलदोड्याच्या जातीची ‘थाओ क्वा’ पडते. वास उग्र असतो, सगळ्यांना झेपेलच असे नाही. सोबत मक्याची दारू. जवळच्या बान फो गावची विशेष नावाजलेली. ती प्लॅस्टिकच्या कॅनमधून विकतात आणि घेणारा आधी चाखून पाहतो. सकाळी नऊलाच बाकांवर मैफल जमलेली दिसली तर नवल वाटू देऊ नये. दूरच्या सोयऱ्यांची गाठ पडण्याची जागाही हीच.

सरहद्दीची खूण सर्वांत ठळक दिसते ती कापडात. पूर्वी अंबाडीसारख्या भांगेच्या धाग्याचे कापड घरी विणून, मेणाची नक्षी काढून ते निळीत बुडवत. एका घागऱ्याला महिनोन्‌महिने लागत. आता चीनमधून आलेले छापील कृत्रिम धाग्याचे तयार घागरे ढिगाने मिळतात. पर्यटक त्यामुळे हिरमुसतात, पण शेतात राबणाऱ्या बाईला स्वस्त, हलका आणि लवकर वाळणारा घागरा सोयीचाच. सरहद्दीपलीकडे चीनच्या युन्नान प्रांतातही ह्मोंग राहतात (तिथे त्यांची गणना ‘म्याओ’ गटात होते). १९७९ च्या चीन–व्हिएतनाम युद्धात चिनी फौजा आजच्या लाओ काय प्रांतात घुसल्या होत्या; दोन्ही देशांचे संबंध १९९१ मध्ये सुरळीत झाले आणि त्यानंतर देवाणघेवाण पुन्हा वाढली.

गावात होआंग आ तुओंग वाडा आहे. फ्रेंच अमलातील एका ताय सरदार घराण्याने १९१४ ते १९२१ या काळात बांधलेली ही दुमजली वास्तू युरोपीय कमानींमुळे भाताच्या खाचरांच्या मुलखात जरा उपरीच वाटते. जूनमधल्या घोड्यांच्या शर्यतीत एरवी ओझी वाहणारे घोडेच पळतात, तेही खोगिराविना.

हनोईहून लाओ कायपर्यंत रेल्वे किंवा २०१४ मध्ये खुल्या झालेल्या द्रुतगती मार्गाने बस, आणि पुढे सुमारे ६०–७० किमी घाटरस्ता. शनिवारी मोकळीक असल्यास सरहद्दीच्या आणखी जवळचा कान काउचा बाजार आधी करावा: तिथे पर्यटक कमी आणि म्हशींची उलाढाल मोठी. कोक ली येथील बाजार मंगळवारी भरतो.