विळ्यावरच्या माश्या आणि तेराव्या शतकातील एक पंचनामा

न्यायवैद्यकाच्या इतिहासावरील लेखांत चीनमधील एका खेड्यातल्या खुनाची हकीकत आवर्जून येते आणि सोंग त्सी या न्यायाधिकाऱ्याने १२३५ मध्ये माश्यांच्या साहाय्याने खुनी शोधला, असे त्यात ठामपणे लिहिलेले असते. वास्तविक सोंग त्सी यांच्या १२४७ मधील ‘शी युआन जी लू’ या मृत्यू-तपासणीच्या ग्रंथात ही हकीकत आली असली, तरी तेथे तपास अधिकाऱ्याचे नाव नाही आणि घटनेचे वर्षही नाही.

हकीकत थोडक्यात अशी: रस्त्याच्या कडेला एक प्रेत सापडले. प्रथम संशय दरोडेखोरांवर गेला. परंतु अंगावरचे कपडे आणि चीजवस्तू जागच्या जागी होत्या आणि शरीरावर विळ्याचे दहाहून अधिक घाव होते. हे कृत्य वैरातून झाले असले पाहिजे, असे ओळखून अधिकाऱ्याने मृताच्या पत्नीकडे चौकशी केली, तेव्हा पैशांवरून एक मनुष्य अलीकडेच मुदत घालून धमकीवजा भाषा करून गेल्याचे समजले. अधिकाऱ्याने त्याला लगेच पकडले नाही. आसपासच्या सर्व घरांतील ७०-८० विळे मागवून त्याने ते जमिनीवर मांडले. दिवस कडक उन्हाळ्याचे होते. माश्या एकाच विळ्यावर येऊन बसल्या आणि तो विळा त्याच मनुष्याचा निघाला.

डोळ्यांना स्वच्छ दिसणारे पाते माशीला कसे ओळखू आले? पाते पुसले, तरी पाते आणि मूठ यांच्या सांध्यात व लाकडाच्या रेषांत रक्ताचा अंश उरतो. उष्णतेत जीवाणू त्यातील प्रथिनांचे विघटन करतात आणि मेथिओनिनसारख्या गंधकयुक्त अमिनो आम्लांपासून डायमिथाइल डायसल्फाइड व डायमिथाइल ट्रायसल्फाइड ही बाष्पनशील संयुगे तयार होतात. प्रेतावर अंडी घालणाऱ्या हिरव्या-निळ्या चकचकीत माश्यांना ही संयुगे विलक्षण आकर्षित करतात, कारण मादीला अंडी पक्व होण्यासाठी प्रथिने हवी असतात आणि अळ्यांना मांस हवे असते. माशीच्या शृंगिकांवर, म्हणजे डोक्यावरच्या मिशांवर, सूक्ष्म छिद्रे असलेले असंख्य केस असतात. गंधरेणू छिद्रातून आतील द्रवात शिरतो आणि चेतापेशीच्या पटलावरील ग्राही प्रथिनाला चिकटतो. हे ग्राही प्रथिन आपल्या जोडीदार प्रथिनासह स्वतःच आयनांचे द्वार बनवते. रेणू बसताच ते उघडते, धनभारित आयन पेशीत शिरतात आणि विद्युत संदेश मेंदूकडे धावतो. एकाच प्रकारचे ग्राही असणाऱ्या पेशींचे तंतू मेंदूतील एकाच गुच्छात येऊन मिळतात, त्यामुळे कोणते गुच्छ चेतवले गेले यावरून वासाची ओळख पटते. हवेत वासाचा सलग धागा नसतो, तुटक पुंजके असतात. म्हणून पुंजका लागला की माशी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने झेपावते आणि तो हरवला की आडवी फिरून पुन्हा शोधते. पात्यावर उतरल्यानंतर पायांवरचे रुचिग्राही केस उरलेली खात्री करून देतात.

तरीही या तपासाचे खरे श्रेय माझ्या मते माश्यांइतकेच मांडणीला आहे. केवळ संशयिताचा विळा ठेवला असता आणि त्यावर माशी बसली असती, तर काहीच सिद्ध झाले नसते, कारण उन्हाळ्यात माश्या कोठेही बसतात. एकाच जागी, एकाच वेळी, एकाच उन्हात ठेवलेल्या इतर विळ्यांमुळे तुलना शक्य झाली, आणि तुलनेशिवाय निरीक्षणाला पुराव्याचे मोल येत नाही.

ही तुलना जेथे नव्हती, तेथे तोच ग्रंथ चुकला आहे. वंशजाच्या रक्ताचा थेंब अस्थीवर टाकावा आणि तो मुरला तर नाते खरे मानावे, अशी चाचणी त्यात दिली आहे. कोरडे, सच्छिद्र हाड कोणाचेही रक्त शोषून घेते. परक्या माणसाचे रक्त टाकून पाहिले असते, तरी हा भ्रम टिकला नसता. ‘प्राचीनांना सर्व ठाऊक होते’ असे सांगणाऱ्यांनी ही दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचावीत.

माशीच्या साक्षीलाही मर्यादा आहे. त्याच विळ्याने कोणी कोंबडी कापली असती, तरी माश्या तेथेच जमल्या असत्या. त्या खेड्यात आरोपीने डोके टेकून कबुली दिल्यामुळे हा प्रश्न उद्भवला नाही. रक्त माणसाचे की प्राण्याचे, हे प्रतिपिंडांच्या, म्हणजे ठरावीक परक्या प्रथिनाला ओळखून चिकटणाऱ्या रक्तातील प्रथिनांच्या, साहाय्याने ठरवण्याची पद्धत पाउल उलेनहुट यांनी जर्मनीत १९०१ मध्ये प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून वाळलेल्या डागाबाबतही हे उत्तर मिळू लागले.