ठरलेला बोनस आणि मेंदूतली वजाबाकी

ऐरोली-महापेच्या आयटी पार्कात काय किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये काय, मार्च सरला की डबा खाताना एकच विषय असतो : इन्क्रिमेंट. पैसे वाढले की माणूस वर्षभर जोमाने काम करणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असतं. मेंदूतल्या डोपामाइनचा हिशेब मात्र वेगळा आहे, आणि तो इतका देखणा आहे की नीट सांगायलाच हवा.

डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन, असं सर्रास छापलं जातं. प्रयोग मात्र वेगळं सांगतात. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मध्यमेंदूतल्या डोपामाइन पेशींचे विद्युत-स्पंद एकेक करून मोजले. फळाचा रस अवचित मिळाला की पेशी जोरात स्पंदत. मग रसाआधी दिवा लावायला सुरुवात केली. सवय झाल्यावर पेशी दिव्याला स्पंदू लागल्या, आणि रस मिळाला तरी ढिम्म! रस तोच, तेवढाच. दिवा लावून रस दिलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी स्पंद नेहमीपेक्षाही कमी होत. १९९७ साली शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी ‘सायन्स’मध्ये याचं गणित मांडलं. पेशी मोजतात तो फरक : मिळालेलं वजा अपेक्षित. दर खेपेला या फरकाचा काही हिस्सा अपेक्षेत मिळवला जातो. समजा बक्षीस १०, अपेक्षा शून्य आणि हिस्सा निम्मा. मग फरक १०, ५, २.५, १.२५ असा उतरत जातो.

दरवर्षी ठरलेला दिवाळी बोनस याच उतारावर असतो. दिला तर फरक जवळजवळ शून्य, नाही दिला तर थेट उणे. अर्थात घरभाडं, हप्ते, शेजारच्या टेबलावरच्याला मिळालेली वाढ हे सगळं एका पेशीत मावत नाही. म्हणूनच ‘डोपामाइन डिटॉक्स’ची, म्हणजे मोबाइलसारख्या मोहांपासून काही काळ दूर राहून डोपामाइन ताळ्यावर आणू म्हणणारी महागडी शिबिरं मला पटत नाहीत, टेबल ईशान्येला वळवून बढती मिळवण्याइतकाच त्यांना आधार आहे.

पैशाखेरीज काय उरतं? मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी दिली. काहींना सोडवलेल्या प्रत्येक कोड्याचे पैसे मिळाले. पैसे बंद होताच, मोकळ्या वेळात ते कोड्यांकडे पूर्वीपेक्षा कमी वळले. डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे तीन गरजा मांडल्या : कामात स्वतःचा निर्णय, जमतंय ही जाणीव आणि सोबतच्यांशी आपलेपणा. महाप्याच्या कॉल सेंटरमध्ये ठरलेल्या वाक्यांबाहेर शब्द काढायची मुभा नसते, तिथे यातली पहिली गरज रोज मारली जाते. ती मुभा द्यायला बोनसइतका पैसा लागत नाही.