बनाख अवकाशांपलीकडचं अंतर्वेशन : पार्श्वभूमी

सांगलीच्या बीएस्सीच्या विद्यार्थ्याला अंतर्वेशन म्हणजे काय ते पुलावरून सांगता येतं. समजा आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ८ वाजता ३८ फूट आणि १२ वाजता ४० फूट होती, तर १० वाजता किती? एमएस्सीनंतर भेटणाऱ्या अंतर्वेशनात आकड्यांच्या जागी अवकाश येतात, म्हणजे फलनांचे असे संग्रह जिथे प्रत्येक फलनाचं आकारमान (नॉर्म) मोजता येतं. एकच रेषीय ऑपरेटर दोन टोकांच्या अवकाशांवर परिबद्ध असेल (म्हणजे नॉर्म एका ठरावीक पटीपलीकडे वाढवत नसेल), तर मधल्यांवरही असतो का?

एल-पी अवकाशांसाठी (जिथे नॉर्म म्हणजे फलनाच्या निरपेक्ष मूल्याच्या पी-व्या घाताच्या इंटिग्रलचा १/पी घात) मार्सेल रीस यांनी १९२६ च्या सुमारास ‘हो’ म्हटलं. थोरिन यांनी ते कॉम्प्लेक्स प्रतलातल्या पट्ट्यावरच्या महत्तम मापांक तत्त्वाने (विश्लेषिक फलनाचा मापांक सीमेवरच्या कमाल मापांकाहून मोठा होत नाही) सिद्ध केलं, तर १९३९ मध्ये मार्सिंकिएविच यांनी फलनाचे मोठ्या आणि लहान मूल्यांचे तुकडे करून. काल्देरोन यांची कॉम्प्लेक्स पद्धत आणि लियों-पीत्रे यांची रिअल पद्धत, दोन्ही १९६४ च्या, अनुक्रमे याच दोन वाटांवरच्या. १९६५ मध्ये आरोन्शाइन आणि गाल्यार्दो यांनी सगळं फंक्टरांच्या (प्रत्येक जोडीला मधला अवकाश नेमून देणाऱ्या नियमांच्या) भाषेत मांडलं, पण बनाख अवकाशांच्या जोड्यांपुरतं, म्हणजे जिथे अवकाश पूर्ण असतो आणि नॉर्म त्रिकोण असमानता पाळतो: बेरजेचा नॉर्म नॉर्मांच्या बेरजेहून मोठा नसतो.

पी १ पेक्षा लहान झाला की घोळ होतो. पी = १/२ घ्या. [०,१] च्या डाव्या अर्ध्यावर १ आणि बाकी ० असं एक फलन, उजव्या अर्ध्यावर तसंच दुसरं. प्रत्येकाचा ‘नॉर्म’ १/४, बेरजेचा मात्र १. त्रिकोण असमानता मोडली. २ चा गुणक लावला तरच टिकते. अशा अवकाशाला क्वासी-बनाख म्हणतात. खरी अडचण याहून खोल आहे: १९४० मध्ये डे यांनी दाखवलं की या एल-पीवर शून्याखेरीज एकही सतत रेषीय फंक्शनल (अवकाशातून संख्यांकडे नेणारा नियम) नाही. म्हणून त्यातून कुठल्याही बनाख अवकाशात जाणारा परिबद्ध ऑपरेटरही शून्यच. बनाख जोडीकडे जाणाऱ्या ऑपरेटरांवरून मधला अवकाश ठरवणारा फंक्टर इथे आंधळा होतो आणि दोन्ही अवकाशांची अख्खी बेरीजच परत देतो. कॉम्प्लेक्स पद्धतही अडते, कारण काही क्वासी-बनाख अवकाशांत महत्तम मापांक तत्त्वच खोटं ठरतं. कोणत्या अवकाशांत ते टिकतं, हे काल्टन यांनी १९८६ मध्ये नेमकं मांडलं.

रिअल पद्धत मात्र तगते. पीत्रे यांच्या के-फंक्शनलला एवढंच लागतं: घटकाचे दोन तुकडे करा, पहिल्याच्या नॉर्ममध्ये दुसऱ्याच्या नॉर्मची टी-पट मिळवा आणि सर्व विभागण्यांवरचं इन्फिमम (सर्वांत मोठी खालची मर्यादा) घ्या. फंक्शनल नको, सदिश-मूल्य इंटिग्रल नको. रिअल पद्धतीच्या दुसऱ्या रूपात, जे-पद्धतीत, असं इंटिग्रल येतं. तिथे २ च्या घातांवरची श्रेणी घ्यावी, नाहीतर सिद्धता तिथेच कोसळते.

१९७२ मध्ये पीत्रे आणि स्पार यांनी अदिश गुणाकारही सोडला आणि नॉर्मयुक्त आबेली गट घेतले, जिथे फक्त बेरीज-वजाबाकी असते आणि बेरजेचा क्रम बदलला तरी चालतो. फलन जिथे शून्य नाही त्या संचाचं माप हाच ‘नॉर्म’ मानला, तर फलन दुप्पट करूनही तो बदलत नाही. सदिश अवकाशाच्या चौकटीत हे बसणारच नाही. तरी या गटाची एल-अनंतशी (परिबद्ध फलनांचा अवकाश, नॉर्म म्हणजे कमाल मूल्य) जोडी लावून, माप टी पर्यंत असलेल्या फलनांनी सर्वोत्तम सन्निकटन केलं, तर उरणारी चूक म्हणजे टी पाशी त्या फलनाची घटती पुनर्रचना, म्हणजे निरपेक्ष मूल्यं मोठ्याकडून लहानाकडे लावून मिळणाऱ्या फलनाचं तिथलं मूल्य.